डी ड्राइव्हचा भरवसा

"विंडोज नवीन टाका, पण डेटा जायला नको." कॉम्प्युटर दुरुस्तीच्या कुठल्याही दुकानात थोडा वेळ उभं राहिलं की हे वाक्य कानावर पडतंच. दुकानदार विचारतो, "डेटा सी ला आहे की डी ला?" गिऱ्हाईक "डी ला" म्हणालं की दोघंही निश्चिंत होतात. महत्त्वाचं ते डी ड्राइव्हमध्ये टाकायचं, हा आपल्याकडचा सगळ्यात रुजलेला बॅकअप आहे. त्यात तथ्य आहे, पण ते एकाच संकटापुरतं. त्या एका संकटातून वाचल्याच्या अनुभवावर आपण बाकीच्या सगळ्या संकटांचा भरवसा ठेवून बसतो, म्हणून हा विषय जरा मुळातून समजून घेण्यासारखा आहे.

बहुतेक घरगुती कॉम्प्युटरमध्ये सी आणि डी ही दोन वेगळी यंत्रं नसतात. एकाच डिस्कवर आखलेले ते दोन भाग असतात, त्यांना पार्टिशन म्हणतात. डिस्कच्या सुरुवातीला एक छोटा तक्ता असतो. कोणता भाग कुठून सुरू होतो आणि कुठे संपतो, एवढंच त्यात लिहिलेलं असतं. विंडोज बिघडलं आणि सी फॉरमॅट मारला, तर डी च्या हद्दीत कोणी पाऊल टाकत नाही. दुकानदाराचं म्हणणं तिथपर्यंत बरोबरच आहे. डिस्कच गेली तर मात्र दोन्ही भाग एकदम जातात.

डिस्क जाते कशी? जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये चकत्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेत असतात आणि वाचणारं-लिहिणारं हेड त्यांच्यापासून अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर तरंगतं. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. चालू लॅपटॉपला धक्का बसला आणि हेड चकतीला घासलं, तर तिथलं चुंबकीय अस्तरच खरवडलं जातं. बॅकब्लेझ ही अमेरिकी कंपनी आपल्या डेटा सेंटरमधल्या हार्ड डिस्क किती बिघडतात याचे आकडे नियमितपणे प्रसिद्ध करते. ते प्रमाण वर्षाला साधारण एक ते दोन टक्के असतं. त्या हिशेबाने पाच वर्षांत शंभरातल्या पाच ते दहा डिस्क गेल्या. आणि हे आकडे थंड खोलीतल्या, जागेवरून न हलणाऱ्या डिस्कचे आहेत. पाठीवरच्या सॅकमधून लोकलने किंवा एसटीने फिरणाऱ्या लॅपटॉपचे नाहीत. एसएसडी म्हणजे चिपांवर डेटा साठवणारी नव्या पद्धतीची डिस्क; तिच्यात फिरणारे भाग नसतात, त्यामुळे धक्क्याची भीती कमी. पण तिचा कंट्रोलर, म्हणजे तिचा कारभार बघणारी चिप, गेला की आधी कुरकुर नाही, कटकट आवाज नाही, एका सकाळी डिस्क दिसतच नाही.

दुसरं संकट आपल्या हातून घडतं, ते म्हणजे चुकून डिलीट होणं. इथे एक जुनी समजूत अजून टिकून आहे की रिकव्हरी सॉफ्टवेअर लावलं की सगळं परत येतं. हार्ड डिस्कच्या काळात ती बऱ्याच अंशी खरी होती. फाइल डिलीट करणं म्हणजे सातबाऱ्यावरून नाव कमी होण्यासारखं होतं: जमीन जागेवरच, फक्त ती कोणाची याची नोंद नाही. त्या जागेवर दुसरी फाइल लिहिली जाईपर्यंत जुना मजकूर तिथे पडून असायचा आणि सॉफ्टवेअर तो शोधून काढायचं. एसएसडीने हे बदललं. तिच्या पेशींवर थेट नवं लिहिता येत नाही, आधी त्या पुसाव्या लागतात आणि पुसायला वेळ लागतो. म्हणून फाइल डिलीट झाली की विंडोज डिस्कला लगेच कळवतं की ही जागा आता नको आहे. या सूचनेचं नाव ट्रिम. डिस्क मग फावल्या वेळात ती जागा साफ करून ठेवते. त्यानंतर रिकव्हरी सॉफ्टवेअरने तिथे वाचलं तर बहुतेक वेळा नुसती शून्यं मिळतात. एसएसडीवरून काही चुकून उडालं तर आधी कॉम्प्युटर बंद करा. पण डिलीट झालेलं परत मिळेल या आशेवर विसंबून राहण्याचे दिवस संपले आहेत, हे मला मनापासून सांगायचं आहे.

तिसरं संकट रॅन्समवेअरचं, म्हणजे फाइल्स अडकवून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामचं. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाचा असा एक प्रोग्राम पसरू लागला आणि पाहता पाहता सुमारे १५० देशांतल्या कॉम्प्युटरांत शिरला. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. हा प्रोग्राम फाइल्स कुलूपबंद करायचा आणि किल्लीसाठी बिटकॉइनमध्ये ३०० डॉलर मागायचा. सी, डी, लावून ठेवलेली एक्सटर्नल डिस्क, नेटवर्कवरचं शेअर केलेलं फोल्डर, जिथे लिहिता येईल तिथे तो पोचायचा. विंडोज स्वतःहून ठेवत असलेल्या जुन्या प्रतीही तो पुसून टाकायचा. एक्सटर्नल डिस्क चोवीस तास यूएसबीला लावलेली असेल, तर या संकटापुढे तिची आणि डी ड्राइव्हची अवस्था एकच.

गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हवर टाकलेलं सुरक्षित, असंही लोक समजतात. ही सिंक करणारी साधनं आहेत. इकडे जे घडतं ते तिकडेही घडवायचं, हेच त्यांचं काम. इकडे फाइल डिलीट झाली की तिकडेही होते आणि गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ती ३० दिवस थांबते. मार्चमध्ये उडालेली हिशेबाची फाइल जुलैत रिटर्न भरताना आठवली, तर ट्रॅश केव्हाच रिकामा झालेला असतो. डिस्क बिघडली किंवा लॅपटॉप चोरीला गेला तर मात्र सिंकचा फार उपयोग होतो. त्याला कमी लेखू नये, पण त्याच्या एकट्याच्या जिवावर राहू नये.

खरं बॅकअप सॉफ्टवेअर जुन्या अवस्था जपतं, तिथे त्याची गंमत आहे. पहिल्यांदा ते सगळं उतरवून घेतं. त्यानंतर दर वेळी बदललेलं तेवढंच उचलतं. चांगली सॉफ्टवेअर्स फाइलचे तुकडे करतात आणि प्रत्येक तुकड्यावर गणित करून एक ठसा काढतात, त्याला हॅश म्हणतात. तुकड्यातला एक बिट जरी बदलला तरी ठसा पार बदलतो. ठसा जुनाच असेल तर तो तुकडा पुन्हा साठवायची गरज नाही. म्हणून ५०० जीबीच्या डिस्कचा रोजचा बॅकअप एखाद्या जीबीत आटपू शकतो. ॲपलने २००७ मध्ये आणलेलं टाइम मशीन गेल्या २४ तासांतली दर तासाची, गेल्या महिन्यातली रोजची आणि त्याआधीची दर आठवड्याची प्रत ठेवतं. जागा संपली की सगळ्यात जुनी प्रत काढतं. विंडोजमध्ये फाइल हिस्टरी साधारण हेच काम करते.

पण फाइल हिस्टरी डी ड्राइव्ह स्वतःहून उचलत नाही. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशी ठरावीक फोल्डर्सच ती घेते. वनड्राइव्हचा बॅकअपही तसाच. ही साधनं बनवणाऱ्यांनी धरलं की माणूस आपल्या फाइल्स डॉक्युमेंट्समध्ये ठेवतो, आणि आपण वर्षानुवर्षं शिकलो की सी ला काही ठेवायचं नाही. सगळं डी मध्ये जपून ठेवणाऱ्या नेटक्या माणसाचा बॅकअप त्यामुळे नेमका रिकामा निघतो, आणि पडद्यावर मात्र हिरवी खूण असते. आज एवढं एकच तपासलं तरी पुष्कळ झालं. डी मधली फोल्डर्स विंडोजच्या लायब्ररीत (वेगवेगळ्या ठिकाणची फोल्डर्स एकत्र दाखवणाऱ्या यादीत) जोडली की फाइल हिस्टरी त्यांनाही घेते.

उघड्या फाइलची प्रत हाही एक नाजूक मामला आहे. हिशेबाचं सॉफ्टवेअर चालू आहे, व्हाउचर लिहिलं जातंय आणि त्याच क्षणी कोणी त्याचं फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी केलं, तर अर्धी फाइल व्हाउचरच्या आधीची आणि अर्धी नंतरची असं काहीतरी हाती येतं. परत घातलं की सॉफ्टवेअर ते उघडतच नाही. यावर उपाय स्नॅपशॉट. विंडोजमधली व्हॉल्यूम शॅडो कॉपी एका क्षणापाशी रेघ मारते. त्यानंतर कुठलाही तुकडा बदलायचा झाला तर आधी त्याचा जुना मजकूर बाजूला काढून ठेवते. बॅकअपला मग तो गोठलेला क्षण दिसतो आणि आपलं काम चालूच राहतं. साधं कॉपी-पेस्ट हे करू शकत नाही. हाताने कॉपी करायचं असेल तर सॉफ्टवेअर आधी बंद करावं, किंवा त्याच्यातच बॅकअपची सोय असेल तर ती वापरावी.

आता परत आणण्याकडे येऊ, कारण बॅकअपचं सगळं मोल तिथे आहे. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या कंपनीत जे झालं ते तिने स्वतःच जगापुढे मांडलं. जगभरचे प्रोग्रामर आपला कोड तिथे ठेवतात. डेटाबेसच्या दोन सर्व्हरपैकी दुसरा, मुख्य सर्व्हरची प्रत ठेवणारा, मागे पडला होता. रात्री उशिरापर्यंत थांबलेल्या एका इंजिनिअरने त्या दुसऱ्या सर्व्हरवरचं फोल्डर पुसायला घेतलं, आणि एक-दोन सेकंदांतच त्याच्या लक्षात आलं की आज्ञा मुख्य सर्व्हरवर सुटली आहे. त्याने ती थांबवली तोवर ३०० जीबीपैकी जेमतेम साडेचार जीबी उरले होते.

बॅकअपच्या एक नाही, अनेक सोयी होत्या. रोजचा बॅकअप ज्या ऑनलाइन जागेत जायचा ती उघडली तर ती रिकामी. बॅकअप घेणारा प्रोग्राम डेटाबेसपेक्षा जुन्या आवृत्तीचा होता आणि रोज चूक दाखवून मध्येच थांबत होता. चुकल्याची ईमेल सुटत होती, पण तिच्यावर आवश्यक ती डिजिटल सही नसल्याने मेल सर्व्हर ती परत लावत होता. डिस्कचे स्नॅपशॉट डेटाबेसच्या सर्व्हरना लावलेलेच नव्हते. कामी आला तो एकच स्नॅपशॉट. त्याच इंजिनिअरने सहाएक तास आधी वेगळ्याच चाचणीसाठी तो हाताने घेतला होता. तोही मंद डिस्कवर असल्याने परत उतरवायला सुमारे १८ तास लागले. स्नॅपशॉट घेतल्यानंतरच्या सहाएक तासांतले बदल कायमचे गेले. कंपनीने दुरुस्तीचं काम यूट्यूबवर सगळ्यांना थेट पाहू दिलं आणि त्या इंजिनिअरचं नावही पुढे केलं नाही. मला या गोष्टीचं फार मोल वाटतं, कारण त्यामुळे पुढच्यांना शिकायला खरी माहिती मिळाली. त्यातली कुठलीच चूक अवघड नव्हती. कोणीही बॅकअप परत उतरवून पाहिला असता, तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

घरच्या कॉम्प्युटरचं परत आणणं दोन प्रकारचं असतं: नुसत्या फाइल्स किंवा सगळी यंत्रणा. यंत्रणेच्या पूर्ण प्रतीला सिस्टिम इमेज म्हणतात. विंडोज, सॉफ्टवेअर, सेटिंग आणि कॉम्प्युटर सुरू करणारं लपलेलं छोटं पार्टिशन, सगळं त्यात येतं. ती उतरवायला सुरू होणारा पेनड्राइव्ह लागतो आणि तो कॉम्प्युटर चांगला असतानाच बनवून ठेवावा लागतो. सिस्टिम रिस्टोअर हा तिसराच प्रकार. तो सेटिंग मागे नेतो, आपल्या फाइल्स परत आणत नाही. माझं मत असं की घरगुती माणसाने फाइल्स जपाव्या, विंडोज पुन्हा टाकता येतं. पण ज्यांचं पोट जुन्या सॉफ्टवेअरवर चालतं, त्यांनी इमेज घेतलीच पाहिजे.

यात आपले डीटीपीवाले पहिले. तीसेक वर्षांत मराठीत किती पुस्तकं, दिवाळी अंक, लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल श्रीलिपी, कृतीदेव, शिवाजी अशा फाँटमध्ये जुळवले गेले! जगभरच्या लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये देवनागरीला जागा १९९१ लाच मिळाली, पण छपाईचं काम जुन्याच फाँटवर चालू राहिलं. या फाँटमध्ये फाइलीत देवनागरी अक्षर साठतच नाही. कृतीदेवमध्ये 'मराठी' टाइप केलं की फाइलीत जातात ती इंग्रजी ई, जे, के, मोठा बी आणि एच ही अक्षरं. ई च्या जागी म चं चित्र काढायचं हे फक्त फाँटला ठाऊक. बॅकअपमधून फाइल शंभर टक्के शाबूत परत आली आणि नव्या कॉम्प्युटरवर तो फाँट नसला, तर पानभर निरर्थक रोमन अक्षरं दिसतात. लेखकाचं आयुष्यभराचं लेखन असं पडून असू शकतं. म्हणून फाइलींबरोबर फाँट, सॉफ्टवेअरची सीडी किंवा इन्स्टॉलर आणि प्रत्येक पक्क्या मजकुराची फाँटसकट पीडीएफ ठेवा. जमेल तसं युनिकोडमध्ये बदलून घ्या; बदलताना जोडाक्षरं आणि रफार चुकतात, तेव्हा मूळ फाइल टाकू नका.

कुलपाचंही पाहा. नव्या विंडोज ११ लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग-इन केलं की डिस्क बऱ्याचदा आपोआप बिटलॉकरच्या कुलपात जाते. मदरबोर्ड बदलला किंवा डिस्क दुसऱ्या यंत्राला लावली की ती ४८ आकडी किल्ली मागते. ही किल्ली बहुधा त्या खात्यात असते, आणि खातं कोणाचं? कित्येकदा लॅपटॉप सुरू करून देणाऱ्या दुकानातल्या मुलाने घाईत उघडलेलं. किल्ली आजच शोधून कागदावर लिहून ठेवा.

किती प्रती हव्यात याचा पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराने रूढ केलेला नियम घरालाही पुरतो: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. कॉम्प्युटरवरची एक, एरवी काढून ठेवलेल्या एक्सटर्नल डिस्कवरची दुसरी, आणि तिसरी क्लाउडवर किंवा भावाकडे-बहिणीकडे ठेवलेल्या डिस्कवर. पुराचं पाणी घरात आलं तर टेबलावरचा कॉम्प्युटर आणि त्याच टेबलाच्या खणातली डिस्क दोन्ही भिजतात. वर्षानुवर्षं कपाटात ठेवायला पेनड्राइव्ह नको. त्यातला मजकूर विजेच्या भारावर टिकून असतो आणि तो भार हळूहळू झिरपतो.

मग एका रविवारी दुसऱ्या कोणाच्या तरी कॉम्प्युटरवर बॅकअपमधलं एक फोल्डर उतरवून पाहा. त्यातली सगळ्यात मोठी फाइल उघडा, एखादा व्हिडिओ शेवटपर्यंत चालवा, हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये आपला हिशेब उघडून शेवटच्या व्हाउचरची तारीख बघा. देवनागरीत नाव असलेल्या दोन-चार फाइल्सही मुद्दाम घ्या, कारण जुन्या झिप सॉफ्टवेअरमधून बाहेर येताना अशा नावांची प्रश्नचिन्हं होतात आणि 'आजीची औषधं' कुठली नि 'घराचा करारनामा' कुठला हे ओळखता येत नाही. तसं झालेलं दिसलं तर मूळ कॉम्प्युटर अजून चालू आहे. तिथून साध्या फोल्डरमध्ये, झिप न करता, पुन्हा प्रत घ्या.