किलपेकचं चर्च: आमच्या इंग्लंड टूरमधला हा स्टॉप कसा बघाल

टूरला येणारे बरेच जण आम्हाला विचारतात की लंडन, ऑक्सफर्ड समजलं, पण एका खेड्यातल्या चर्चसाठी एवढा वेळ कशाला, म्हणून हे माहितीपत्रक, बसमध्येच वाचून घ्या.

किलपेक म्हणजे हेरिफर्ड शहराच्या नैऋत्येला, वेल्सच्या हद्दीजवळचं छोटंसं गाव. 1066 ला नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि इथली जहागीर एका नॉर्मन घराण्याकडे गेली, त्यातल्या ह्यूने 1134 मध्ये गावचं चर्च ग्लॉस्टरच्या मठाला दिलं. आत्ता दिसतं ते बांधकाम साधारण 1140 चं. शेजारच्या टेकाडावर त्यांच्या किल्ल्याच्या भिंतींचे तुकडे अजून उभे आहेत, तेही बघून या.

पोचल्यावर लगेच आत जाऊ नका प्लीज. आधी दक्षिणेच्या दारापुढे दहा मिनिटं तरी उभे राहा. वरच्या अर्धगोलात जीवनवृक्ष, कमानीवर पशुपक्षी आणि चोचवाली तोंडं, खांबावर वेलीत गुंतलेले दोन योद्धे, आणि उजवीकडे वर तोंडातून पानंवेली ओकणारा चेहरा, त्याला ग्रीन मॅन म्हणतात. दगड तांबूस वालुकाश्म, आणि जवळजवळ 900 वर्षांनंतरही कोरीवकाम इतकं ठसठशीत राहिलंय की आम्हाला दर वेळी नवल वाटतं. याच घडणीच्या कारागिरांचं काम शॉब्डन गावातही होतं, तिथलं जुनं चर्च 1750 च्या दशकात पाडलं, कमानी काढून उघड्यावर शोभेला उभ्या केल्या आणि पावसापाण्याने त्यांची नक्षी पार झिजून गेली, फार वाईट वाटतं बघून.

मग चर्चला पूर्ण फेरी मारा, मान वर करून. छपराच्या कडेखाली भिंतीतून बाहेर आलेले कोरीव दगड दिसतील, त्यांना कॉर्बेल म्हणतात, असे 85 शिल्लक आहेत. कुत्रा आणि ससा शेजारी शेजारी (हे सगळ्यांचं लाडकं!), वाद्य वाजवणारा, मेंढा, आणि मागच्या गोल भिंतीवर शीला-ना-गिग, म्हणजे दोन्ही हातांनी योनी उघडून दाखवणारी बाई. लहान मुलं बरोबर असतील तर आधीच सांगून ठेवतो, ती लपवलेली नाही. आपल्याला लज्जागौरी आठवते, पण लज्जागौरीची पूजा होते, हिची नाही, आणि ही इथे का कोरली यावर अभ्यासकांचे वाद आहेत, कोणी म्हणतं वासनेपासून सावध करायला, कोणी म्हणतं वाईट नजर टाळायला. पश्चिमेच्या भिंतीवर आ वासलेली ड्रॅगनची मुंडकीही चुकवू नका.

आत तसं साधं आहे, पण वेदीकडे जाणाऱ्या कमानीच्या दोन्ही बाजूंना एकावर एक उभे संत कोरलेत, ते निवांत बघा. एकाच्या हातात किल्ली आहे, तो सेंट पीटर. अशी खांबावरची माणसं स्पेनमधल्या सांतियागोच्या मोठ्या चर्चमध्येही आहेत, आणि या भागातले लोक तिथे यात्रेला जात होते, त्यामुळे ही कल्पना तिथूनच आली असं बरेच अभ्यासक मानतात आणि आम्हालाही ते पटतं.

दुर्बीण असेल तर आणा, मोबाईलच्या झूमवर कॉर्बेल नीट दिसत नाहीत. गवत ओलं असतं, चांगले बूट घाला. चर्च अजून वापरात आहे, प्रार्थना चालू असेल तर संपेपर्यंत बाहेरच थांबायचं, आणि आवारात कबरी आहेत, त्यांच्यावर बसून फोटो काढायचे नाहीत.