डायक्लो का दिलं नाही?

यंदा द्राक्षांच्या ऐन हंगामात दिंडोरी रोडवर माझ्या काकांची मोटारसायकल घसरली आणि उजव्या मांडीचं हाड मोडलं. नाशिकला दवाखान्यात आणलं तेव्हा काका कळवळत होते आणि चुलतभाऊ तिथल्या डॉक्टरीणबाईंशी हुज्जत घालत होता. "अहो मॅडम, साधं डायक्लोचं इंजेक्शन मारा ना! गावात असतो तर एव्हाना मारून झालं असतं." मॅडमनी आधी सलाइन लावलं, बीपी घेतलं, लघवीची नळी टाकली. मग जांघेतल्या नसेभोवती भुलेचं इंजेक्शन दिलं आणि शिरेतून पॅरासिटामॉल सोडलं. डायक्लो, म्हणजे डायक्लोफेनॅक हे दुखणं थांबवणारं औषध, मात्र नाही म्हणजे नाही. भावाचा राग अजून गेलेला नाही.

रस्त्यावर रक्ताचा थेंब नव्हता, म्हणून आम्ही सगळे निर्धास्त होतो. पण मांडीचं हाड मोडलं की एक-दीड लिटर रक्त मांडीच्या आतच साचू शकतं. माणसाच्या अंगात सगळं मिळून पाच लिटरच्या आसपास रक्त, त्यातलं एवढं गेलं तर ताण कुणावर येणार? मॅडमना काळजी होती ती काकांच्या मूत्रपिंडांची, म्हणजे किडन्यांची.

दोन्ही किडन्यांचं वजन जेमतेम तीनशे ग्रॅम. तरी हृदय मिनिटाला जे पाचेक लिटर रक्त ढकलतं, त्यातलं लिटरभर या दोघींकडे जातं. दिवसभरात त्या १८० लिटर पाणी गाळतात आणि दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळं परत रक्तात ओढून घेतात. गाळणं चालतं ते रक्ताच्या दाबावर. दाब पडला की गाळणी थांबली.

आता रक्त कमी झाल्यावर शरीर काय करतं, ते नाशिककराला वेगळं सांगायला नको. गंगापूर धरणाचा साठा उतरला की पाटाचं आवर्तन लांबतं आणि पिण्याचं पाणी आधी राखलं जातं. तसंच शरीर मेंदू आणि हृदयाचं रक्त राखतं. कातडी, आतडी आणि किडन्यांकडे जाणाऱ्या नळ्या आवळतं. नॉरअॅड्रिनलिन, अँजिओटेन्सिन ही आवळणारी रसायनं. भूल, चिरफाड आणि वेदना यांच्या ताणातही तीच रक्तात उतरतात. त्यांना मोकळं रान मिळालं तर किडन्या पार कोरड्या पडतील. म्हणून किडनी स्वतःपुरती एक सोय करते. ती प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं बनवते आणि गाळणीत रक्त आणणारी बारीक नळी उघडी धरते. बाहेर सगळे दरवाजे खाली येत असताना एक दार कुणीतरी खांदा लावून अडवून धरावं, तसं.

या रसायनाचं नाव चुकीतून पडलं. १९३०च्या दशकात स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलर यांना ते वीर्यात सापडलं. ते प्रोस्टेट ग्रंथीतून येत असावं असं वाटलं आणि तेच नाव चिकटलं. खरं तर ते अंगात जवळजवळ सगळीकडे बनतं. दुखापतीच्या जागी सूज आणि ठणका वाढवण्यात त्याचाच हात असतो. अॅस्पिरिनसारखी औषधं ते बनवणारं एन्झाइम बंद पाडतात, हे इंग्लंडच्या जॉन वेन यांनी १९७१मध्ये दाखवलं आणि १९८२च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, अॅसिक्लोफेनॅक, केटोरोलॅक ही सगळी त्याच घराण्यातली. मांडीतला ठणका कुठला आणि किडनीतलं दार कुठलं, हे गोळीला कळत नाही. ती दोन्हीकडचं प्रोस्टाग्लँडिन बनणं थांबवते. 'पोटाला सोसणारी' म्हणून मिळणारी एटोरिकॉक्सिबही किडनीच्या बाबतीत वेगळी नाही.

मग रोज इतके लोक या गोळ्या घेतात, त्यांच्या किडन्या का बसत नाहीत? मला यातला सगळ्यात गमतीचा भाग हाच वाटतो. १९७७मध्ये कुत्र्यांवरचे प्रयोग प्रसिद्ध झाले. शुद्धीत, शांत असलेल्या कुत्र्यांना याच वर्गातलं इंडोमेथॅसिन दिलं, तर किडनीतल्या रक्तप्रवाहाला फारसा धक्का लागला नाही. भूल देऊन पोट उघडलेल्या कुत्र्यांत मात्र त्याच औषधाने तो प्रवाह चांगलाच घटला. धडधाकट, पाणी प्यायलेल्या शरीरात आवळणारं कुणी नसतं, त्यामुळे दार धरून ठेवणाऱ्याची गरजही नसते. रक्त गेलं, उलट्या-जुलाब झाले, उन्हात घाम निथळला की सगळी मदार त्याच्यावर येते. म्हणून ऑपरेशननंतर रक्तस्राव थांबला असेल, सलाइन पुरेसं गेलं असेल आणि किडन्या मुळात चांगल्या असतील, तर डॉक्टर हीच औषधं थोडे दिवस बिनधास्त देतात. तेव्हा किडनीचं काम थोडं मंदावतं आणि पुन्हा पूर्वपदावर येतं.

काकांचं गणित आणखी वाईट होतं. बीपीसाठी ते टेल्मिसार्टन घेतात, त्याच गोळीत लघवी वाढवणारं औषधही आहे. गाळणीतून रक्त बाहेर नेणारी नळी अँजिओटेन्सिन जरा आवळून धरतं, त्यामुळे आतला दाब टिकतो; टेल्मिसार्टन ती पकड सोडवतं. लघवीच्या औषधाने अंगातलं पाणी आधीच कमी. त्यावर दुखण्याची गोळी पडली की येणारी नळी बारीक, जाणारी सैल आणि मुळात रक्तच अपुरं. "पेनकिलर घेता का?" या प्रश्नाला काकांनी ठामपणे नाही म्हटलं होतं. सदऱ्याच्या खिशातून अर्धी संपलेली स्ट्रिप निघाली तेव्हा म्हणाले, "ही कसली पेनकिलर? ही कंबरेची गोळी." सकाळपासून दोन झाल्या होत्या. घड काढायला वाकून वाकून कंबर धरते ना.

डायक्लोफेनॅक आणि किडनी म्हटलं की नाशिकजवळच्या अंजनेरीच्या कड्यांवरची गिधाडंही आठवतात. हे औषध टोचलेल्या जनावरांचं मढं खाल्लेल्या गिधाडांच्या किडन्या निकामी होत आणि आतल्या अवयवांवर युरिक अॅसिडचा पांढरा थर चढे. २००४मध्ये हे उलगडलं आणि २००६मध्ये भारतात जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी आली. गिधाडाला फार थोडं औषध पुरतं, त्यामुळे त्याच्यावरून माणसाचा हिशेब लावता येत नाही.

त्या रात्री सिस्टर दर तासाला लघवीची पिशवी बघून आकडा लिहीत होत्या. वजनाच्या दर किलोमागे तासाला अर्धा मिली तरी लघवी हवी, म्हणजे साठ किलोच्या काकांना तीस. पहिल्या तासाला पंधरा आली, रक्ताची पिशवी चढल्यावर पंचवीस, पहाटे चाळीस. ऑपरेशन त्यानंतरच झालं. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी रक्तातून बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ, मात्र दुसऱ्या दिवशी थोडं वाढलेलं निघालं. रक्तातला हा आकडा किडनीला मार बसल्यावर एक-दोन दिवसांनीच नीट दिसतो. चौथ्या दिवशी तो जागेवर आला, तेव्हा कुठे मॅडमनी बीपीची गोळी पुन्हा सुरू केली. कंबरेची नाही.