उशी धुण्यापेक्षा वाळवणं अवघड

अभ्रा काढला की उशीवर जे पिवळट डाग दिसतात, त्यांत घामाइतकाच त्वचेच्या तेलाचाही वाटा असतो. हे तेल उशीत मुरतं, हवेतल्या प्राणवायूशी त्याचा संयोग होतो आणि ते पिवळं पडतं. सोबत लाळ आणि त्वचेचा कोंडा असतोच.

या कोंड्यावर धुळीतले माइट जगतात. कोळ्याच्या कुळातला हा आठ पायांचा जीव जेमतेम ०.३ मिलिमीटरचा असतो. तो चावत नाही. त्रास होतो तो त्याच्या विष्ठेचा. तिच्यातली पाचक प्रथिनं श्वासातून गेली की काहींना शिंका येतात, नाक चोंदतं, दमा उसळतो. घरच्या धुळीच्या अ‍ॅलर्जीमागे हा जीव असावा, असं नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांनी १९६४ मध्ये मांडलं. जुन्या उशीचं निम्मं वजन माइटचंच असतं, हे मात्र खुशाल विसरा. त्याला आधार नाही.

माइट पाणी पीत नाही, हवेतलं बाष्प शोषतो. आर्द्रता सतत ५० टक्क्यांखाली राहिली तर तो टिकत नाही. बुरशीलाही ओलच लागते. मँचेस्टरच्या संशोधकांनी वापरातल्या उशा तपासल्या, तेव्हा एकेका उशीत ४ ते १६ प्रकारच्या बुरशी निघाल्या. म्हणून धुतलेली उशी आतून दमट राहणं हे न धुण्यापेक्षा वाईट, असं माझं स्पष्ट मत आहे.

कृत्रिम तंतूंची उशी बहुधा धुता येते, तरी लेबल पाहावं. ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात माइट मरतात. गार पाण्यात ते बरेचसे वाचतात, पण त्रासदायक प्रथिनं विरघळून जातात. साबण कमी घाला आणि एकदा जास्तच खळबळा. फोमची उशी मात्र भिजवू नका: ती पाणी धरून बसते आणि पिळली की फाटते. क्लोरीनच्या ब्लीचने घामाचे डाग उलट गडद होऊ शकतात.

धुतल्यावर पिळू नका, तळव्यांनी दाबून पाणी काढा. आडवी वाळत घाला, अधूनमधून उलटा आणि आतले गोळे बोटांनी सोडवा. खोळ लवकर सुकते, गाभा मागे राहतो. उशी सावलीत आणून मध्यभागी तळहात दाबून धरा. गार लागलं तर आत ओल आहे, कारण बाष्प होताना पाणी उष्णता ओढून घेतं.

उन्हातले अतिनील किरण गाभ्यापर्यंत पोचत नाहीत. तिथे काम करते ती उष्णता आणि कोरडेपणा. मेलेल्या माइटची विष्ठा आतच राहते, त्यामुळे ऊन दिल्यावर उशी बाहेरच झटका.

नुसता वास घालवायचा असेल तर खाण्याचा सोडा भुरभुरवून तासाभराने व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घ्या. घामट वासातल्या आम्लांचे तो क्षार करतो आणि क्षार हवेत उडत नाहीत. माइटवर त्याचा इलाज चालत नाही. त्यांच्यासाठी रोजचा उपाय सोपा आहे: उठल्या उठल्या उशीवर चादर ओढू नका, रात्रीचा दमटपणा आधी उडून जाऊ द्या.