आगमनकाळ वेगळा, नाताळ वेगळा

डिसेंबर लागला की वसईत घराघरांवर तारे लटकतात, केकच्या ऑर्डरी जातात, शाळांमध्ये सांताक्लॉज येऊनही जातो. त्यामुळे नाताळ महिन्याच्या सुरुवातीला लागतो आणि २५ तारखेला संपतो, असाच बहुतेकांचा समज होतो, ख्रिस्ती घरांतसुद्धा. चर्चच्या पंचांगात २५ ही नाताळकाळाची सुरुवात आहे. त्याआधीचे चार रविवार आगमनकाळाचे, म्हणजे ख्रिस्ताच्या येण्याची वाट पाहण्याचे. (मी कॅथलिक परंपरेपुरतं लिहितो आहे.)

आगमनकाळ नाताळाआधीच्या चौथ्या रविवारी लागतो. म्हणून त्याची सुरुवात २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्यात मागेपुढे होते. २०२५ साली ती ३० नोव्हेंबरला होती. चर्चचं नवं वर्षही त्याच दिवशी सुरू होतं. धर्मगुरूंची वस्त्रं जांभळी, वेदीवरची फुलं बेताची, आणि रविवारच्या मिस्सातलं (चर्चमधल्या मुख्य उपासनेतलं) देवाच्या गौरवाचं स्तोत्र थांबलेलं. जांभळा रंग पाहून काहींना हा ईस्टरआधीच्या उपवासकाळासारखा दुसरा उपवासकाळच वाटतो. पण उपवासकाळात ‘आलेलुया’ हा देवाच्या स्तुतीचा घोष बंद असतो, इथे तो चालूच राहतो, आणि तिसऱ्या रविवारी आनंदाची खूण म्हणून गुलाबी वस्त्रंही घालता येतात.

खरा फरक कळतो तो वाचनांतून. पहिल्या रविवारच्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रातून वाचल्या जाणाऱ्या उताऱ्यात, गोठाही नसतो आणि बाळही नसतं. तिथे प्रौढ येशू आपल्या शिष्यांना सांगत असतो की जागे राहा, मनुष्याचा पुत्र कधी येईल ते तुम्हाला ठाऊक नाही. म्हणजे आगमनकाळ आधी ख्रिस्ताच्या पुन्हा येण्याकडे पाहतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या रविवारी बाप्तिस्मा करणारा योहान येतो. १७ डिसेंबरपासून प्रार्थना बेथलेहेमकडे वळतात, आणि चौथ्या रविवारी कुठे योसेफ आणि मरिया समोर येतात. घरात आजारपण असेल, एखादं माणूस नुकतंच गेलं असेल, तर हे आठवडे मला फार मोलाचे वाटतात. कारण अजून सगळं ठीक झालेलं नाही, हे इथे उघडपणे मान्य केलेलं असतं आणि तरीही आशा धरायला सांगितलेलं असतं. १ तारखेपासूनच नाताळची गाणी लावली, की ही जागाच उरत नाही.

२४च्या रात्री सगळं पालटतं. वस्त्रं पांढरी होतात, घंटांच्या नादात गौरवाचं स्तोत्र परत येतं आणि गोठ्यातल्या रिकाम्या गव्हाणीत बाळ येशूची मूर्ती ठेवली जाते. काही घरांत ती पहिल्या दिवसापासूनच मांडलेली असते. शक्य असेल तर ती त्या रात्रीपर्यंत बाजूला ठेवावी, म्हणजे मुलांना वाट पाहणं म्हणजे काय ते न सांगता कळतं.

पुढचे आठ दिवस मिळून एकच सण मानला जातो. आणि त्यातच २६ तारखेला दगडमार सोसून मेलेला पहिला रक्तसाक्षी (श्रद्धेसाठी प्राण दिलेला) स्तेफन, २८ला हेरोद राजाने मारलेली बेथलेहेमची बालकं. नाताळाच्या ऐन आनंदात चर्च हे मरण दडवत नाही, याने माझा विश्वास दरवर्षी बळकट होतो. देव ज्या जगात जन्माला आला ते हेच जग, लेकरं मारणारं.

१ जानेवारीचा सण देवमाता मरियेचा. बाळ येशूच्या भेटीला आलेल्या पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांचा सण मुळात ६ जानेवारीचा, पण भारतात तो रविवारी साजरा होतो. नाताळकाळ संपतो प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणाला. २०२६ साली तो ११ जानेवारीला आला. तेव्हा २६ला तारा उतरवायची घाई नको. कुणाच्या घरी जायचं राहून गेलं असेल, तर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात करंज्यांचा डबा घेऊन खुशाल जावं आणि ‘नाताळच्या शुभेच्छा’ म्हणावं. उशीर झालेला नसतो.