नाममुद्रा व्यवस्थापन

नाममुद्रा व्यवस्थापन : गिऱ्हाइकाने एखादी वस्तू नाव घेऊन मागावी आणि ती नसेल तर दुसरी न उचलता दुसरे दुकान गाठावे, इथवर त्या नावाची पत नेण्याचे आणि मग ती राखण्याचे काम. बोलण्यात सगळेच ‘ब्रँड’ म्हणतात. ‘नाममुद्रा’ हा शब्द मुख्यतः वर्तमानपत्रांनी रुळवला. इंग्रजी शब्दाचे मूळ तापल्या लोखंडाने डागण्यात आहे. मराठीत मात्र नावाला डाग लागला की ते बुडाले. पेठांतल्या व्यापाऱ्यांचे काम ‘छाप’, ‘मार्का’ आणि ‘पेढीचे नाव’ एवढ्यावर भागे. त्यातला ‘नाव’ हा शब्द आजही सर्वांत नेमका वाटतो : नाव कमावले जाते, राखले जाते, त्याला बट्टा लागतो आणि वाटणीच्या वेळी त्यावरून भावाभावांत बिनसते.

बोधचिन्ह, वेष्टनाचा रंग, घोषवाक्य ही नाममुद्रेची बाह्य अंगे होत. तिचा गाभा म्हणजे गिऱ्हाइकाच्या मनात बसलेली खात्री. मोठ्या कंपन्यांत ही खात्री सांभाळायला स्वतंत्र अधिकारी असतो. या पदाचा उगम बहुतेक ठिकाणी प्रॉक्टर अँड गँबल या अमेरिकी कंपनीत सांगितला जातो. तिथल्या नील मॅकएलरॉय यांनी १९३१ साली एक टिपण लिहून प्रत्येक साबणासाठी वेगळा माणूस आणि वेगळी जबाबदारी मागितली. एकाच कंपनीचे दोन साबण एकमेकांशी झुंजले तरी चालेल, असा त्यामागचा हिशेब होता. पुण्यात या पदावरची माणसे हिंजवडीपासून आकुर्डीपर्यंत आढळतात. त्यांच्याही आधीपासून इथल्या दुकानांवर एक पाटी होती : ‘आमची कोठेही शाखा नाही’. तिची थट्टा खूप झाली. पण माल आमच्याच हातचा, चव बिघडली तर दोषही आमचाच आणि त्यापायी वाढीव धंदा सोडायची आमची तयारी आहे, हे सगळे ती चार शब्दांत सांगते. काय करायचे नाही हे ठरवणे हा नाममुद्रा व्यवस्थापनातला सर्वांत अवघड भाग असतो, आणि त्यावर एवढा नेटका मजकूर जाहिरात कंपन्यांनाही क्वचितच जमला आहे.

अर्थात पाटी कायम पाळता येत नाही. भिलवडीच्या दुग्धव्यवसायातून पुढे आलेल्या चितळे कुटुंबाने १९५० साली पुण्यात ‘चितळे बंधू मिठाईवाले’ सुरू केले. दुपारी एक ते चार दुकान बंद ही त्यांची शिस्त इतकी प्रसिद्ध झाली की बाकरवडीइतकीच तीही त्यांची ओळख बनली. २०१७ मध्ये दुकाने दुपारीही उघडी राहू लागली, तेव्हा त्याची बातमी झाली. एखाद्या दुकानाच्या वेळेला बातमीचे मोल येते, हेच नाव किती रुजले आहे याचे माप. दरम्यान बाकरवडी यंत्रावर गेली होती, शाखा वाढल्या होत्या. तरी नाव ढळले नाही, कारण गिऱ्हाइकाला हवी होती ती सारखी चव. दुपारची झोप हा पुणेकरांनी स्वतःच्या करमणुकीसाठी जपलेला भाग होता.

किर्लोस्करांचे उदाहरण जुने आणि अधिक शिकण्यासारखे आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला, पण तो खपेना. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. म्हणजे आधी अविश्वास मोडायचा आणि मग माल विकायचा, असे दुहेरी काम होते. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र सुरू केले. कारखान्याची माहिती देण्यासाठी निघालेले हे पत्र बघता बघता मराठी मध्यमवर्गाचे मासिक झाले. १९३० मध्ये त्याला ‘स्त्री’ची जोड मिळाली, पुढे ‘मनोहर’ची. ज्या घरात नांगर किंवा पंप कधीच येणार नव्हता, तिथेही दर महिन्याला किर्लोस्कर हे नाव पोहोचू लागले, तेही सुधारणा, उद्योग आणि वाचनाच्या संगतीत. आज ‘कंटेंट मार्केटिंग’ म्हणून ज्याचे वर्ग चालतात, ते हेच. फरक एवढाच की त्या मासिकांत मजकूर खरोखर वाचण्यासारखा असे. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली आणि खडकी हे तिचे ठिकाण झाले. पुढे समूहात कंपन्या वाढल्यावर आडनाव कोणाच्या मालकीचे हा प्रश्न आलाच. त्याची व्यवस्था अशी की व्यापारचिन्हे किर्लोस्कर प्रोप्रायटरी लिमिटेड या वेगळ्या कंपनीकडे आहेत आणि समूहातील कंपन्या ती तिच्याकडून वापरतात. कुटुंबाचे नाव हीच नाममुद्रा असते तिथे अशी तरतूद वेळेत केलेली बरी. सराफीत गाडगीळ घराण्याचे नाव आज एकाहून अधिक पेढ्यांच्या पाट्यांवर आहे, आणि लग्नाच्या खरेदीला निघालेल्या माणसाला ‘कोणते गाडगीळ?’ असे विचारून घ्यावे लागते.

आकुर्डीच्या बजाज ऑटोने नाव कमावणे, सोडणे आणि पुन्हा उचलणे हे तिन्ही केले. पियाजिओ या इटालियन कंपनीबरोबरचा परवाना संपल्यावर १९७२ मध्ये ‘चेतक’ स्कूटर आली. ती नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. ज्याच्या दाराशी रांग आहे त्याला जाहिरात कशाला? पण ऐंशीच्या दशकात जपानी तंत्राच्या मोटारसायकली आल्या, पुण्याच्याच फिरोदियांची कायनेटिक होंडा आली, आणि १९८९ मध्ये ‘हमारा बजाज’ ही लिंटास या जाहिरात कंपनीची मोहीम दूरदर्शनवर झळकली. तिच्यात स्कूटरच्या यंत्राची स्तुती जवळपास नव्हती. गाडी घरातली आहे एवढेच दाखवले होते. गंमत म्हणजे नंतर कंपनीने स्कूटरच बंद केल्या. २००१ मध्ये आलेल्या ‘पल्सर’ मोटारसायकलने तरुण वर्ग मिळवला होता, आणि मोटारसायकलवरच लक्ष एकवटायचे असे ठरवून २००९ मध्ये स्कूटरमधून बाहेर पडण्याचा निर्णय जाहीर झाला. लोक हळहळले, पण हळहळणारे बहुतेक जण स्वतः दुसऱ्या कंपनीची स्कूटर चालवत होते. २०१९ मध्ये ‘चेतक’ विजेवर परतली. बरीच वर्षे बाजारात नसलेल्या नावाला लोकांनी लगेच ओळखले; नवे नाव इतके ओळखीचे करायला मोठा खर्च आला असता. उलट ‘डिस्कव्हर’ हे मोटारसायकलचे नाव वेगवेगळ्या ताकदीच्या इंजिनांना लावत गेल्यावर ते नेमके कशाचे हे गिऱ्हाइकाला सांगता येईना. नाव ताणले की पातळ होते.

हा ताण टाळण्याचा एक मार्ग म्हणजे एका घराखाली वेगवेगळी नावे ठेवणे. १९६२ मध्ये सुरू झालेल्या पुण्याच्या प्रवीण मसालेवाले यांच्याकडे ‘प्रवीण’, ‘सुहाना’ आणि ‘अंबारी’ अशी नावे आहेत. याला खर्च अधिक येतो, पण एका नावाला ठेच लागली तर बाकीची उभी राहतात. नाव परिस्थितीनेही बिघडू शकते. टाटा मोटर्सने एका छोट्या मोटारीला ‘झिका’ नाव दिले आणि त्याच सुमारास झिका विषाणूची साथ पसरली. २०१६ मध्ये ती ‘टियागो’ म्हणून बाजारात आली.

भारतात या नावांना संरक्षण मिळते ते व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ याने. नोंदणी दहा वर्षांची असते आणि दर वेळी नूतनीकरण करता येते; माल आणि सेवांचे मिळून ४५ वर्ग आहेत, आणि नोंदणी त्या त्या वर्गापुरती होते. मात्र नोंदणी हेच सर्वस्व नव्हे. नाव आधी कोणी वापरले यालाही कायद्यात वजन आहे. पुण्यातल्या ‘बर्गर किंग’ या उपाहारगृहावर त्याच नावाच्या अमेरिकी कंपनीने दावा लावला, तेव्हा पुण्याच्या जिल्हा न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये तो फेटाळला. कंपनी भारतात दुकान थाटण्याच्या कितीतरी आधीपासून इथले उपाहारगृह ते नाव वापरत होते. वाद पुढे वरच्या न्यायालयांत गेला. ‘कोव्हिशील्ड’ या करोना लशीच्या नावावरही नांदेडच्या एका कंपनीने सीरम इन्स्टिट्यूटविरुद्ध दावा केला होता. नावाच्या वापराला तात्पुरती मनाई करावी ही तिची मागणी पुण्याच्या न्यायालयाने फेटाळली आणि एप्रिल २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यावरचे अपीलही नाकारले.

इतकी जपणूक करूनही कंपनीने स्वतः उभारलेली नाममुद्रा तिच्या ताळेबंदात मालमत्ता म्हणून दिसत नाही. भारतीय लेखा मानक ३८ ते करू देत नाही. विकत घेतलेली नाममुद्रा मात्र दाखवता येते.

काही नावे कोणा एकाची नसतातच. पुणेरी पगडीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशन, म्हणजे एखाद्या प्रदेशाच्या खास मालाच्या नावाला मिळणारे कायदेशीर संरक्षण, मिळाले. ते पुणेरी पगडी संघाच्या नावे आहे, कोण्या एका पगडीवाल्याच्या नव्हे. मस्तानी हे पेय शहरात अनेक जण विकतात, त्यामुळे तिथे पेयाच्या नावाने कोणाचा वेगळेपणा सिद्ध होत नाही, आणि प्रत्येकाला पाटीवर आधी दुकानाचे नाव मोठ्या अक्षरांत लिहावे लागते.