चुरा वर आणणारा चिखल

साडेआठ इंच व्यासाची तेलविहीर ताशी 20 मीटर वेगाने खोल जात असेल, तर दर तासाला जवळजवळ दोन टन खडकाचा चुरा होतो. तीन किलोमीटर खालून तो वर आणायला ना बादली असते, ना पट्टा. ते काम चिखल करतो. ड्रिलिंगवाले त्याला मड म्हणतात.

पंप हा मड पोकळ ड्रिल पाइपमधून खाली ढकलतो. पाइपच्या टोकाला खडक फोडणारे बिट असते; त्याच्या छिद्रांतून तो जोरात सुटतो आणि पाइप व विहिरीची भिंत यांच्यामधल्या पोकळीतून चुरा घेऊन वर येतो. पाइप पाच इंची आणि पंपाचा प्रवाह सेकंदाला 30 लिटर धरला, तर वर येण्याचा वेग सेकंदाला साधारण सव्वा मीटर पडतो. तळातला मड वर पोचायला 40 मिनिटे लागतात.

चुरा मात्र त्याच्याबरोबरीने येत नाही, कारण प्रत्येक तुकडा वर जाता जाता खाली पडतही असतो. मडच्या वेगातून पडण्याचा वेग वजा केला की उरतो तो चुऱ्याचा खरा वेग. तुकडा मोठा असेल तर तो लवकर पडतो. मड जड असेल तर त्याला जास्त उचलून धरतो, आणि दाट असेल तर पडताना अडवतो. खडक पाण्याच्या सुमारे 2.6 पट जड असतो. बराइट हे पाण्याच्या चौपटीहून जड खनिज मिसळून मडचे वजन वाढवता येते, पण ते ठरवावे लागते खडकातल्या तेल-वायूच्या दाबाकडे बघून. जास्त जड मडने खडकच तडकतो आणि मड त्या भेगांत गडप होतो. त्यामुळे चुऱ्यासाठी हाताशी उरतात दोन गोष्टी: प्रवाहाचा वेग आणि मडचा दाटपणा.

मग मड खूप दाट करून टाकावा? हा सल्ला मला अर्धवट वाटतो. दाट मड ढकलायला पंपाला जास्त दाब लागतो आणि त्यातला काही दाब शेवटी तळाच्या खडकावरही येतो. हवा असतो असा मड, जो बिटच्या छिद्रांतून जाताना पातळ होईल, वर येताना दाट होईल आणि पंप थांबला की थिजेल. बेंटोनाइट ही माती हे जमवते. पाण्यात तिचे चपटे, विद्युतभारित कण एकमेकांना धरून जाळे बनवतात. प्रवाहाने जाळे तुटते, थांबल्यावर पुन्हा जुळते. पाइपचा नवा तुकडा जोडताना पंप बंद असतो, तेव्हा चुरा या जाळ्यात अडकून जागच्या जागी राहतो. थिजणे फार घट्ट झाले तर मात्र पंप पुन्हा सुरू करताना दाबाचा धक्का बसतो.

म्हणूनच दाटपणा एका आकड्यात सांगता येत नाही. मार्श फनेल या नरसाळ्यातून 946 मिलिलीटर पाणी 26 सेकंदांत गळते. मडला किती वेळ लागतो ते बघतात. झटपट अंदाजाला हे पुरते. खरी मोजणी फिरत्या व्हिस्कोमीटरवर, म्हणजे दाटपणा मोजणाऱ्या यंत्रावर होते, मिनिटाला 600 पासून 3 फेऱ्यांपर्यंतच्या सहा वेगांवर. पोकळीतून चुरा वर येईल का, हे सांगतात ते 6 आणि 3 फेऱ्यांचे आकडे. थिजण्याची ताकद 10 सेकंद आणि 10 मिनिटे थांबून वेगळी मोजतात.

हे सगळे उभ्या विहिरीचे झाले. विहीर तिरकी झाली की हिशेब बिघडतो. पडणाऱ्या तुकड्याला आता किलोमीटरभर नाही, काही सेंटिमीटरच पडायचे असते. खालची भिंत लगेच भेटते आणि तिथे चुऱ्याचा थर साचतो. पाइपही वजनाने खालच्या बाजूला टेकलेला असतो, आणि मड वरच्या मोकळ्या जागेतून निघून जातो. कुतूहलाची गोष्ट म्हणजे तिरक्या नळीत कण लवकर बसतात हे ए. ई. बॉयकॉट या विकृतिशास्त्रज्ञाने 1920 मध्ये नोंदवले होते, आणि तेही रक्ताच्या नळ्यांत.

सर्वांत त्रासदायक असतो उभ्या रेषेपासून 30 ते 60 अंशांचा कल. आडव्या भागात साचलेला थर निदान पडून राहतो. इथे पंप थांबताच तो घसरत खाली येतो आणि पाइप जखडू शकतो. अशा जागी नुसता दाट मड पाठवला तर तो संथपणे थराच्या वरून सरकत जातो. पातळ मड जोरात सोडला तर खळबळाट होऊन थर उखडतो. पण हललेला तुकडा धरून ठेवायची ताकद पातळ मडात कमी, म्हणून त्याच्यामागून बऱ्याचदा दाट किंवा जड मडचा एक टप्पा सोडतात. याहून परिणामकारक उपाय मडमध्ये नाहीच: पाइप फिरवणे. फिरता पाइप चुरा ढवळून वरच्या वेगवान प्रवाहात फेकतो, आणि मग दाट मडही उपयोगी पडतो. अडचण एवढीच की विहिरीला वळण देताना बऱ्याचदा तळाच्या मोटरवर फक्त बिट फिरते, वरचा पाइप स्थिर असतो. नेमका तेव्हाच थर वाढतो.

खाली काय चालले आहे ते दिसत नसल्याने लक्ष असते वरच्या शेल शेकरकडे, म्हणजे मडमधून चुरा वेगळा करणाऱ्या थरथरत्या जाळीकडे. खोदलेल्या लांबीच्या हिशेबाने जेवढा यायला हवा त्याहून कमी चुरा जाळीवर पडत असेल, पाइप फिरवायला आणि ओढायला जास्त जोर लागत असेल, तर उरलेला चुरा वाटेत कुठेतरी साचतो आहे. तेव्हा खोदणे थांबवतात, पाइप फिरवत ठेवतात आणि जाळीवरचा चुरा ओसरेपर्यंत नुसता मड फिरवतात.