कॉमिक कॉन आणि पुण्याचा संग्राहक : जुन्या अंकांच्या शोधाची पार्श्वभूमी

कॉमिक कॉन म्हणजे कॉमिक्सच्या, अर्थात चित्रकथांच्या, चाहत्यांचे संमेलन. त्याच्या मांडवात शिरलेल्या पुण्यातल्या जुन्या संग्राहकाला सर्वांत आधी जाणवते ती एक उणीव. नवी पुस्तके, पोस्टर, टी-शर्ट, लहानमोठ्या प्रतिकृती आणि आवडत्या पात्रांचा वेश करून आलेली तरुण मंडळी तिथे भरपूर असतात. परंतु ज्यांच्यासमोर बसून तासन्‌तास कॉमिक्सचा एकेक जुना अंक चाळावा अशी खोकी क्वचितच दिसतात. हा आयोजकांचा दोष मानणे योग्य नाही. हे संमेलन ज्या देशात जन्मले तिथे त्याचा पाया जुन्या अंकांच्या देवघेवीवर उभा राहिला. आपल्याकडे ते आले तोवर त्याचे रूप पालटले होते, आणि आपल्या जुन्या अंकांनी तर पूर्वीच वेगळी वाट धरली होती.

अमेरिकेत या साऱ्याची सुरुवात वाचकांच्या पत्रांतून झाली. १९६० च्या सुमारास सुपरमॅन, बॅटमॅनच्या चित्रकथा छापणाऱ्या डीसी प्रकाशनाचे संपादक ज्युलियस श्वार्ट्झ अंकातील वाचकपत्रांखाली पत्रलेखकाचा पूर्ण पत्ता छापू लागले. निरनिराळ्या गावांत एकेकटे बसून अंक जमवणारे वाचक त्यामुळे एकमेकांना थेट पत्रे लिहू लागले, आपल्याजवळच्या आणि हव्या असलेल्या अंकांच्या याद्या धाडू लागले. १९६१ मध्ये जेरी बेल्स यांनी ‘ऑल्टर इगो’ हे हौशी नियतकालिक काढले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात देशकार्य म्हणून रद्दी गोळा करण्याच्या मोहिमांत १९३८ मध्ये सुपरमॅन अवतरला त्यानंतरचे असंख्य अंक लगद्यात गेले होते आणि मागे उरलेले थोडे अंक कोणाच्या माळ्यावर पडून आहेत, हेच प्रत्येकाला जाणून घ्यायचे होते. न्यूयॉर्कमध्ये २७ जुलै १९६४ रोजी भरलेला छोटेखानी मेळावा या प्रकारचे पहिले संमेलन मानला जातो. सॅन डिएगो येथे ऑगस्ट १९७० मध्ये भरलेल्या तीन दिवसांच्या संमेलनास सुमारे ३०० माणसे आली होती; आज त्याच संमेलनाची उपस्थिती लाखाच्या वर असते. रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट यांची जुन्या अंकांच्या किमती देणारी मार्गदर्शिकाही १९७० मध्येच निघाली. अंकाची अवस्था आणि त्याची किंमत यांचा संबंध एकदा छापील कोष्टकात आल्यावर छंदाला बाजाराचे नियम लागू झाले. न्यूयॉर्कमध्ये संमेलने भरवणारे फिल स्यूलिंग यांनी पुढे प्रकाशकांकडून न परतीच्या बोलीवर थेट अंक घेऊन ते खास दुकानांना पुरवण्याची पद्धत घालून दिली. चित्रपट आणि दूरचित्रवाणी या मांडवात आली ती नंतर.

आपल्याकडे टाइम्स ऑफ इंडिया समूहाने ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केले ते मार्च १९६४ मध्ये, म्हणजे न्यूयॉर्कच्या त्या मेळाव्याच्या चार महिने आधी. ली फॉक यांचा मुखवटाधारी नायक ‘फँटम’ त्यात मराठीत ‘वेताळ’ झाला. गावोगावी वेताळाची ठाणी असलेल्या महाराष्ट्राला आणि वेताळ टेकडी रोज डोळ्यांसमोर असलेल्या पुण्याला हे नाव परके वाटण्याचे कारणच नव्हते. अनुवादकाने केलेली ही निवड मला आजही फार मोलाची वाटते. डिसेंबर १९७६ मध्ये ‘इंद्रजाल’मध्ये आबिद सुरती यांचा भारतीय नायक ‘बहादूर’ आला. त्याआधी, १९६७ मध्ये, अनंत पै यांनी ‘अमर चित्र कथा’ सुरू केली होती. १९९० मध्ये ‘इंद्रजाल’ बंद झाले आणि एक पिढी हळहळली.

हे अंक जपून ठेवण्याच्या हेतूने फारसे कोणी विकत घेतले नाहीत. ते वाचून दुसऱ्याला द्यायचे असत. उन्हाळ्याच्या सुटीत पेठांमधली लहान वाचनालये ते भाड्याने देत. अंक टिकावेत म्हणून पाच-दहा अंक एकत्र शिवून त्यांना पुठ्ठा घालत आणि कडा कापून सारख्या करत. आज असा बांधलेला गठ्ठा हाती आला की संग्राहकाला आनंद आणि हळहळ एकाच वेळी वाटते, कारण अंक वाचलेला असतो, पण त्याचा समास गेलेला असतो आणि कित्येकदा मुखपृष्ठही. घरोघरीचे सुटे अंक वजनावर रद्दीत गेले. रद्दीवाल्याने बाजूला काढलेले तेवढे अप्पा बळवंत चौकाच्या आसपास, डेक्कनच्या पदपथांवर किंवा रविवारी आणि बुधवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात पुन्हा दिसत. त्यांवर कोणा मुलाचे नाव व इयत्ता लिहिलेली असे, शब्दकोडे सोडवलेले असे, पावसाळी दमटपणाने पिना गंजून मधल्या पानांवर तांबूस डाग पडलेले असत. अमेरिकी मार्गदर्शिकेच्या मोजमापाने असा अंक फार खालच्या प्रतीचा ठरेल. मला मात्र ते नाव आणि ती इयत्ता अंकाच्या इतिहासाचाच भाग वाटते, आणि ते खोडरबराने पुसणाऱ्यांशी माझे मुळीच जमत नाही.

पुण्याचे या क्षेत्राशी नाते वाचकांपुरते नाही. पुण्यातील चित्रकार प्रताप मुळीक यांनी ‘अमर चित्र कथे’साठी विपुल काम केले आणि १९८६ मध्ये राज कॉमिक्सच्या ‘नागराज’ या नायकाला पहिले रूप दिले, ‘अमर चित्र कथे’च्या महाभारत मालिकेची चित्रे प्रामुख्याने दिलीप कदम यांची आहेत. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ नोव्हेंबर १९९१ मध्ये ‘सकाळ’मध्ये अवतरला आणि त्याची कात्रणे वहीत चिकटवणारी मुले हेही संग्राहकच होते.

जतिन वर्मा यांच्या पुढाकाराने भारतातील पहिले कॉमिक कॉन फेब्रुवारी २०११ मध्ये दिल्ली हाट येथे भरले. तिथे १९ फेब्रुवारीला अनंत पै यांना जीवनगौरव पुरस्कार देण्यात आला आणि २४ फेब्रुवारीला त्यांचे निधन झाले. पुण्यात हे संमेलन २०१६ मध्ये आले. तोवर ‘इंद्रजाल’ बंद होऊन पाव शतक उलटले होते. जुने अंक विकणाऱ्यांची फळी आपल्याकडे पदपथावर वाढलेली होती, आणि मांडवातल्या गाळ्याचे भाडे तिच्या आवाक्यातले नव्हे. त्यामुळे संग्राहक इथे येतो तो मुख्यतः चित्रकारांची स्वाक्षरी घेण्यासाठी, मर्यादित आवृत्तीची नवी प्रत मिळवण्यासाठी आणि आपल्यासारखाच कोणी भेटला तर याद्या ताडून पाहण्यासाठी.

खिशात घडी घालून ठेवलेल्या त्या यादीत ‘इंद्रजाल’चे १२३ आणि १२४ हे क्रमांक रिकामे दिसले, तर अनुभवी संग्राहक नवख्याला लगेच सांगतो की ते शोधत बसू नयेत : संपामुळे ते दोन अंक छापलेच गेले नव्हते, आणि म्हणूनच सलग मोजणीत शेवटच्या अंकाचा क्रमांक ८०५ येत असला तरी पूर्ण संच ८०३ अंकांचाच होतो.